न शिवलेले नऊ वार

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळ हे वऱ्हाडाच्या, म्हणजे पश्चिम विदर्भाच्या, कापूसपट्ट्यातले गाव असून तेथील स्त्रियांच्या पेहरावाचा इतिहास कापसाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. साडी शतकानुशतके जशीच्या तशी टिकली, असे अभिमानाने सांगितले जाते. वस्तुतः या परिसरात गेल्या दीडशे वर्षांत तिचे सूत, तिची लांबी, तिचा विणकर आणि नेसण्याची रीत असे जवळजवळ सारेच बदलले, आणि टिकला तो एकच नियम, की अंगाभोवती घ्यायचे वस्त्र सलग असावे व त्याला कात्री-सुई लागू नये.

शेतकरी आणि मजूर घरांतील जुन्या पिढीचे वस्त्र म्हणजे लुगडे. ते साधारण नऊ वारांचे, म्हणजे सव्वाआठ मीटरांच्या आसपास लांब असते, म्हणून त्याला नऊवारी म्हणतात. कमरेपाशी गाठ मारून पुढे निऱ्या घालायच्या, त्यांचा खालचा भाग दोन्ही पायांमधून मागे नेऊन खोवायचा आणि उरलेला पदर खांद्यावरून घ्यायचा, अशी ही नेसण आहे. मागे खोवलेल्या भागाला कासोटा किंवा काष्टा म्हणतात, आणि काष्टा असलेल्या नेसणीला अभ्यासक सकच्छ, तर त्याविना गोल नेसण्याला विकच्छ म्हणतात. काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात व वस्त्र पोटरीपर्यंत वर घेता येते. निंदणी, वेचणी आणि विहिरीवरचे पाणी ही कामे याच नेसणीत झाली असल्याने तिला केवळ सणाचा पोशाख समजणे हा अलीकडचा, शहरी समज आहे.

हे लुगडे येई कोठून? तालुक्याचे ठिकाण असलेले मेहकर एकेकाळी विणकरांचे गाव होते. तेथील मोमीन विणकर इतके सधन होते की गावाच्या तटबंदीचे काम त्यांनी अंगावर घेतले आणि वेशीवरील शिलालेख या कामाचे वर्ष १४८८ असे देतो, अशी नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये आढळते. पूर्व विदर्भात नागपूर-भंडारा भागातील कोष्टी विणकरांची लुगडी प्रसिद्ध होती. त्यांपैकी करवतकाठी साडीत टसर रेशमाचे अंग आणि सुती काठ तीन धोट्यांनी एकमेकांत असे गुंतवतात, की दोहोंच्या सांध्यावर करवतीचे दाते उमटतात. धोटा म्हणजे आडवे सूत वाहून नेणारे मागावरचे साधन.

वऱ्हाडापुरता कापूस, सूत आणि माग या स्थानिक साखळीचा मोड झाला तो आगगाडीने. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि त्यांची नजर येथील काळ्या जमिनीकडे वळली. कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांनी, रेल्वेचा फाटा आला की विलायती कापड येथे स्वस्तात विकता येईल, सूतकताईत खर्च होणारा कापूस निर्यातीला मिळेल आणि सूत काढणारे व विणणारे हात शेतमजुरीला मोकळे होतील, अशी आशा लिहून ठेवली. सरकारी कागद इतक्या उघडपणे क्वचितच बोलतात. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला. १८७७ मध्ये नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल उभी राहिली. मागावरच्या लुगड्याशेजारी आता गिरणीचे हलके, पन्ह्याला एकसारखे पातळ विकले जाऊ लागले, आणि पुढे पाच-सहा वारांची गोल नेसायची पाचवारी आधी शिकलेल्या घरांत व मग खेड्यांतही रुळली.

तरीही सुती लुगड्याचा घरातला प्रवास फारसा बदलला नव्हता. बसण्या-उठण्याने ते मध्यभागी विरले, की विरलेला भाग काढून टाकून उरलेले दोन तुकडे जोडत. याला दंड घालणे म्हणत, आणि दंडाचे लुगडे हा गरिबीचा जुना दाखला आहे. त्यानंतर धडपा, म्हणजे अर्धे लुगडे, मग बाळाची झोळी आणि दुपटे, शेवटी गोधडीचे अस्तर आणि चुलीपाशचे फडके. सलग, न शिवलेल्या कापडाची ही खरी किंमत होती; कोणत्याही टप्प्यावर त्याचा उपयोग संपत नसे.

आज जिल्ह्यातील बाजारांत सुरतेची पॉलिस्टर साडी सर्वत्र दिसते. ती स्वस्त आहे, लवकर वाळते, इस्त्री मागत नाही, आणि रोज मजुरीला जाणाऱ्या बाईने ती पसंत केली तर त्यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. मात्र ती घाम शोषत नाही; वेचणीला जाताना स्त्रिया तिच्यावर जुना सुती सदरा चढवतात. बाळाच्या दुपट्यालाही ती चालत नाही. जिल्ह्याचा कापूस गाठी बांधून बाहेर जातो आणि जिल्ह्याच्या अंगावर खनिज तेलापासून बनलेला धागा येतो, अशी ही अदलाबदल आहे.

नऊवारी मात्र दुसऱ्या वाटेने परतली आहे. लग्नात, लावणीच्या कार्यक्रमात आणि १२ जानेवारीला सिंदखेडराजा येथील जिजाऊ जयंतीला ती हौसेने नेसली जाते; पण नेसता येत नसल्याने अनेकजणी शिवलेली, विजारीसारखी चढवायची नऊवारी घेतात. निऱ्या आणि काष्टा जागच्या जागी टाचलेले असल्याने ती दोन मिनिटांत अंगावर बसते. सासूचे लुगडे सुनेला जसे होई तशी ती दुसऱ्या मापाच्या बाईला होत नाही, आणि उसवली तर सरळ नऊ वार हाती लागत नाहीत.