वेल्समधील जलसेतूवरून होडीचा प्रवास

कालवा म्हटला की शेताला पाणी देणारा पाट आपल्या डोळ्यांसमोर येतो. ब्रिटनमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात खणण्यात आलेले कालवे मात्र मुख्यतः मालवाहतुकीसाठी होते. कोळसा, लोखंड, चुनखडी असा अवजड माल त्या काळच्या रस्त्यांवरून नेणे कष्टाचे व खर्चाचे असे. तोच माल नावेत भरला, की काठाने चालणारा एक घोडा ती नाव सहज ओढून नेई. अशा कालव्यांपैकी वेल्समधील लँगॉलनचा कालवा आज मार्गदर्शकासह लहान होडीतून पाहता येतो.

या सहलीसाठी 'कॅनो' नावाची वल्ह्याची हलकी, निमुळती होडी वापरतात. निघण्यापूर्वी मार्गदर्शक प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट घालावयास देतो, वल्हे कसे धरावे हे दाखवितो आणि समोरून मोठी नाव आल्यास कडेला कसे व्हावे हे समजावून सांगतो. ट्रेव्हर येथील धक्क्यावरून होडी सुटली, की अल्पावधीतच पाँटकसल्ते जलसेतू लागतो. हेच या सहलीचे मुख्य आकर्षण होय.

डी नदीचे खोल खोरे ओलांडण्यासाठी उभारलेला हा पूल ३०७ मीटर लांब असून नदीपासून सुमारे ३८ मीटर उंच आहे. विल्यम जेसप व टॉमस टेलफर्ड या अभियंत्यांच्या देखरेखीखाली १७९५ मध्ये त्याचे काम सुरू झाले व १८०५ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. एवढ्या उंचीवर दगडी पाट बांधला असता, तर त्याचा भार पेलण्यास अवाढव्य खांब लागले असते. म्हणून १८ दगडी खांबांवर बिडाची पन्हळ बसविण्यात आली. खांबांचा वरचा भागही पोकळ ठेवून वजन कमी करण्यात आले.

घोड्यांची वाट पन्हळीच्या बाहेर नसून तिच्यातील पाण्यावरच, एका कडेने, आधार देऊन बसविलेली आहे. त्यामुळे नाव पुढे सरकताना बाजूला सारले जाणारे पाणी या वाटेखालून मागे जाते आणि नावेस अडथळा कमी होतो. वाटेच्या कडेला कठडा आहे; दुसऱ्या बाजूस मात्र कठडा नाही आणि पन्हळीची कड पाण्याच्या वर वीतभरही नाही. होडीत बसलेल्यास खाली थेट नदी व झाडांचे शेंडे दिसतात. पुलावर दोन नावा एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. म्हणून पलीकडून कोणी येत नाही याची खात्री झाल्यावरच मार्गदर्शक होड्या पुढे नेतो.

रेल्वे आल्यावर कालव्यांवरील मालवाहतूक ओसरत गेली. १९४४ मध्ये कायद्याने हा कालवा नौकानयनास बंद करण्यात आला. पुढच्याच वर्षी लँगॉलनच्या पूर्वेस त्याचा काठ फुटून जवळच्या रेल्वेमार्गाचा भराव वाहून गेला. ब्रिटनमधील इतर अनेक कालव्यांप्रमाणे हाही गाळाने भरून नष्ट झाला असता. परंतु त्यातील पाण्याची गरज होती. लँगॉलनजवळ टेलफर्डने डी नदीवर घातलेल्या अर्धवर्तुळाकार बंधाऱ्यातून कालव्यात पाणी येते आणि ते पुढे चेशायर परगण्यातील हर्ल्स्टन जलाशयात साठवून पिण्यासाठी पुरविले जाते. या पाण्यासाठी काठ दुरुस्त झाले आणि पन्हळही राखली गेली. पुढे हौशी प्रवाशांच्या नावा या पाण्यावर पुन्हा फिरू लागल्या. २००९ मध्ये जलसेतू व कालव्याचा सुमारे १८ किलोमीटरचा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.

या इतिहासाचा प्रत्यय होडीतही येतो. सर्वसाधारण कालव्यातील पाणी संथ असते. येथे मात्र ते सतत वाहते. लँगॉलनकडे जाताना, विशेषतः अरुंद जागी, वल्ह्यावर अधिक जोर द्यावा लागतो. परतीच्या वाटेवर प्रवाह साथ देतो. कालवा ज्यामुळे वाचला, तो पाणीपुरवठाच अशा रीतीने प्रवाशाच्या हातांना जाणवतो. जुनी वास्तू केवळ कौतुकाने टिकत नाही. ती लोकांच्या नित्य गरजेशी जोडलेली राहिली, तर तिच्या देखभालीची जबाबदारी कोणी ना कोणी घेतेच, हे या कालव्याने दाखवून दिले आहे.