"व्हायरस इलो" म्हणजे नेमकं काय इलं?

आमच्या मालवणात कॉम्प्युटर अडला की निदान एकच, "व्हायरस इलो." पण व्हायरस, वर्म, ट्रोजन, रॅन्समवेअर ही काही एकाच माळेतली नावं नाहीत. पहिली तीन सांगतात, ते आत कसं शिरलं, कसं पसरलं. रॅन्समवेअर, स्पायवेअर, वायपर ही नावं सांगतात, आत येऊन त्याने काय केलं.

व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटतो, ती कोणी उघडली की पसरतो. वर्मला तुमच्या क्लिकची गरजच नाही, नेटवर्कवरून आपला आपण पुढे जातो. ट्रोजन सोंग घेऊन येतो.

आता २७ जून २०१७ घ्या. न्हावा शेवा बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल 'नॉटपेट्या'मुळे अडकलं. हा शिरला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, म्हणजे ट्रोजनसारखा. मग विंडोजमधली फट आणि मेमरीतून चोरलेले पासवर्ड वापरून वर्मसारखा धावला. फटीचा पॅच मार्चमध्येच आला होता, पण चोरलेल्या पासवर्डमुळे पॅच केलेली मशीनंही पडली.

स्क्रीनवर ३०० डॉलरचे बिटकॉइन मागितले होते. मग रॅन्समवेअर? तसं दिसत होतं खरं. पण दाखवलेला आयडी नुसता रँडम होता, त्यावरून किल्ली हल्लेखोरालाही काढता आली नसती. म्हणजे हा वायपर, पुसून टाकणारा. इथे पैसे भरून उपयोग शून्य, हाताशी फक्त बॅकअप. मर्स्कने १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी पुन्हा उभे केले. त्यासाठी हवी असलेली डोमेन कंट्रोलरची धड प्रत मिळाली घानाच्या ऑफिसात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती! (लाइट जाण्याचा फायदा कोकणी माणसाला पहिल्यांदाच कोणी सांगत असेल.)

आपल्याकडे सध्या येतात ते ट्रोजन. व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका' किंवा 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाइल. ती टाकली की एसएमएसची परवानगी मागते आणि ओटीपी वाचते, म्हणजे काम स्पायवेअरचं. तारकर्ली-देवबागच्या होमस्टेवाल्यांना अनोळखी नंबरचे मेसेज उघडावेच लागतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ. एपीके म्हणजे ॲप.

चुकून टाकलीच, तर स्कॅन करत बसू नका. आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा. ॲप काढणं, फोन रीसेट करणं त्यानंतर.