अंडी नसलेले खोपे

पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबतात. काही पुरते, खाली नळी असलेले. काही अर्ध्यावर सोडलेले, घंटेच्या आकाराचे. गेल्या दीडशे वर्षांत घरट्यांच्या नोंदी कशा बदलल्या, हे या अर्धवट खोप्यांवरून छान कळतं.

एकोणिसाव्या शतकात नोंद म्हणजे मुख्यतः अंडं. घरटं उतरवायचं, अंड्याला बारीक भोक पाडून आतला बलक काढायचा, चिठ्ठी लावून ते कपाटात ठेवायचं. ए. ओ. ह्यूम यांनी ठिकठिकाणच्या पक्षीवेड्या अधिकाऱ्यांकडून अशी माहिती गोळा करून १८७३पासून भारतीय पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांवर ग्रंथ काढला. पुढे शिमल्यात त्यांची हस्तलिखितं रद्दीत विकली गेली. खचलेल्या ह्यूम यांनी १८८५ साली आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. ग्रंथाची तीनखंडी आवृत्ती १८८९-९०मध्ये ओट्स यांनी सिद्ध केली.

सुगरणीची अंडी दोन ते चार, पांढरीशुभ्र, बिनठिपक्यांची, हे कपाटाने सांगितलं. अर्धवट खोप्यात अंडीच नसत, मग तो कोण उतरवणार? नर पावसात बसायला तो बांधतो, अशी समजूत होती.

१९३० साली हाताला काम नसलेले सालिम अली अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. आडोसा करून ते तासन्‌तास नुसते बघत बसले. नर घंटेपर्यंत विणतो आणि पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येऊन पारख करते. पसंत पडला तर खोपा पुरा होतो. ती अंडी उबवायला बसली, की नर पुढचा खोपा विणायला घेतो. नापसंत खोपा तसाच लोंबत राहतो. अर्धा खोपा म्हणजे न जुळलेली सोयरीक! हे निरीक्षण १९३१मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आलं.

१९७२च्या वन्यजीव कायद्याने पक्ष्यांची अंडी उचलणं, घरटी मोडणं शिकारीतच धरलं. आता वहीत तारीख, झाड, खोप्यांची संख्या लिहायची, तीही लांबून. मादी चोचीत किडे घेऊन येऊ लागली, की पिल्लं निघाली असं समजायचं. अंड्यांचा रकाना बहुधा कोराच राहतो. अर्धे खोपे मात्र न चुकता मोजायचे.