राजधानीतले देव

लोणावळ्यात येणाऱ्याला मावळ म्हटले की लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि पवनेचे पाणी एवढेच आठवते. मावळचा पसारा याहून मोठा आहे. दक्षिणेला गुंजण मावळात राजगड उभा आहे आणि सुमारे पंचवीस वर्षे स्वराज्याचा कारभार तिथूनच चालला. तळेगाव दाभाड्यात राहणाऱ्या गो. नी. दांडेकरांचा जीव याच गडावर जडला होता. आपल्या मावळातल्या माणसाने राजधानी पाहायची, तर रायगडाच्याही आधी इथे यावे असे मला मनापासून वाटते.

राजगडाचे वाडे आता जोत्यापुरते उरले आहेत. देव मात्र जागेवर आहेत, काही नांदते, काही भग्न. गड पाहताना या देवळांचा माग धरला की राजधानीचा सगळा इतिहास पायाखालून जातो.

गुंजवण्याची वाट उभ्या चढाची. ती चोरदरवाजातून थेट पद्मावती तळ्यावर काढते. पावसाळ्यात शेवटचा कातळ निसरडा होतो, तेव्हा नवख्याने पालीकडून राजमार्गाने चढावे. पद्मावती माचीवर देवीच्या गाभाऱ्यात तीन रूपे आहेत: शेंदूर माखलेला तांदळा, त्याच्या शेजारची लहान मूर्ती आणि पुढे भोरच्या पंतसचिवांनी बसवलेली पूजेची मूर्ती. लहान मूर्ती शिवाजी महाराजांनी स्थापिली असे सांगतात. पुढे गड सचिवांकडे गेला, म्हणून या एका गाभाऱ्यात गडाच्या मालकीची पिढी बदललेली दिसते. जवळच सईबाईंची समाधी आहे. 5 सप्टेंबर 1659 रोजी त्या इथेच गेल्या. अफजलखान स्वराज्यावर चालून आला होता आणि संभाजीराजे जेमतेम दोन वर्षांचे होते. समोरचे रामेश्वराचे देऊळ साधे, पूर्वाभिमुख. आतला मारुती दक्षिणेकडे तोंड करून उभा आहे.

गर्दी इथेच थांबते. माचीवर गावातल्या मावश्या पिठले-भाकरी आणि ताक देतात, ते घ्यावे आणि बालेकिल्ल्याकडे निघावे. कडा चढून दरवाजातून आत गेलो की जननीचे ठाणे, पुढे चंद्रतळे आणि मग ब्रह्मर्षीचे देऊळ. राजगड होण्याआधी या डोंगराचे नाव मुरुंबदेव होते. म्हणजे महाराजांनी राजधानीसाठी निवडलेल्या डोंगरावर देव आधीपासूनच वस्तीला होता. भोवती वाड्यांची जोती पसरलेली आहेत. पुरंदरच्या तहात, 1665 मध्ये, तेवीस किल्ले गेले आणि बारा राहिले, त्या बारांत राजगड होता. आग्र्याहून सुटल्यावर महाराज इथेच परतले आणि 24 फेब्रुवारी 1670 रोजी राजाराम महाराजांचा जन्मही याच गडावर झाला.

खरी भग्न जागा मात्र सुवेळा माचीकडे जाताना दक्षिणेला आहे. मुख्य वाट सोडून पाण्याच्या टाक्यांवरून काळेश्वरी बुरुजाकडे वळावे लागते, म्हणून बहुतेक लोक तिकडे जातच नाहीत. तिथे रामेश्वराच्या जुन्या देवळाचे अवशेष आहेत. छप्पर नाही, भिंती नाहीत. शिवलिंग आहे, फुटका नंदी आहे, झिजलेल्या यक्षमूर्ती आहेत. दगड उघड्यावर ऊन-पाऊस सोसतात. 1704 मध्ये औरंगजेबाने वेढा घालून हा गड घेतला, नाव बदलून नबीशाहगड केले, आणि 1707 मध्ये मराठ्यांनी तो परत मिळवला. या देवळाचे छप्पर त्या धामधुमीत गेले की नंतरच्या ओसाडपणात, हे दगड बोलत नाहीत. पण इथे थोडा वेळ बसल्याशिवाय राजगड पाहिला असे मी म्हणणार नाही.

हम्पीचे विठ्ठल मंदिर किंवा यादवांच्या सिन्नरचा गोंदेश्वर पाहिलेल्या माणसाला हे सगळे फार लहान वाटेल. गोंदेश्वर म्हणजे शिखरांवर नक्षी चढवलेले शिवपंचायतन, स्थिरावलेल्या राज्याचे वैभव. राजगडावर मात्र पैसा आणि कष्ट तटाला, बुरुजांना, टाक्यांना लागले. संजीवनी माचीचा दुहेरी तट पाहा, म्हणजे या राज्याने आपली कलाकुसर कुठे खर्ची घातली ते कळते. देवासाठी चार भिंती आणि एक पाणवठा पुरेसा मानणारी ही राजधानी मला हम्पीपेक्षा कमी मोलाची वाटत नाही.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात आपला लोहगड आहे आणि राजगडही. आता पायऱ्या होतील, फलक लागतील, गर्दी वाढेल. या कामांत काळेश्वरीकडचे दगड विसरले जाऊ नयेत. त्यांची नोंद व्हावी, भग्न नंदी जागेवरून हलवू नये, आणि जुन्या चिऱ्यांवर सिमेंटचे नवे देऊळ उभे राहू नये. जीर्णोद्धाराच्या उत्साहात गडांवरच्या जुन्या खुणा बुजतात, आणि एकदा बुजलेली खूण परत मिळत नाही. जाणाऱ्यांनीही एवढे पाळावे: यक्षमूर्तींवर पाय देऊन फोटो काढू नये, शेंदूर फासू नये, आणि टाक्यातल्या पाण्यात हातपाय धुऊ नयेत, कारण तेच पाणी गडावर प्यायला लागते.