रेडीचा वड आणि जांभ्याची भिंत

दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेलचे चौघे माझ्याकडे वेंगुर्ल्याला आले होते. एका दिवसात तीन जुन्या वास्तू बघायचा बेत ठरला. (खरा हेतू मासे खायचा, हे आपल्यातच ठेवा.)

सकाळी गावातलीच डच वखार. डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्यात वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगिजांची समुद्रातून नाकेबंदी करायची, तर तळ जवळ हवा, हे त्यामागचं गणित. आम्ही गेलो तेव्हा छप्पर नव्हतं, भिंती उभ्या होत्या आणि त्यांवर झाडं. लहानपणापासून बघतोय, त्यामुळे मला त्यात काही वाटलं नाही. सिव्हिलवाला मित्र मात्र म्हणाला, "अरे, ही भिंत गेलीच समज."

मग एसटीने आरवलीच्या वेतोबाला बाहेरूनच नमस्कार करून शिरोडा. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथलाच. तिथून रिक्षाने रेडी.

रेडीचा यशवंतगड सावंतवाडीकरांचा, १८१९ मध्ये इंग्रजांकडे गेला. आत शिरलो आणि सगळे गप्प. वडाच्या मुळांनी अख्ख्या भिंती कवेत घेतलेल्या! फोटो काढून झाल्यावर सिव्हिलवाल्याने वायवा घ्यावी तसं समजावलं, ते असं.

जांभा, म्हणजे आमचा चिरा, खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागून टणक होतो. पण तो सच्छिद्र, पाणी धरून ठेवतो. सांधे चुन्याचे. पक्ष्याच्या विष्ठेतून वडाचं बी सांध्यात पडतं आणि मातीशिवायही रुजतं. मूळ पाण्याच्या वासाने सांध्यातून आत जातं आणि जाड होताना चिरे ढकलतं. म्हणजे झाड तोडा, सोपं आहे! नाही. तोपर्यंत सुटे झालेले चिरे त्याच मुळांनी धरून ठेवलेले असतात. नुसतं वरून तोडलं तर आतलं मूळ कुजतं, पोकळी होते, पाणी शिरतं, भिंत फुगते आणि एखाद्या पावसाळ्यात बसते. मूळ थोडं थोडं मारत, मागोमाग पोकळीत चुना भरत जावं लागतं. सिमेंटने लिंपलं तर पाणी आत कोंडतं आणि चिऱ्याचे पापुद्रे निघतात. कंबोडियातल्या ता प्रोम मंदिरात काही झाडं मुद्दाम ठेवलीत, त्यामागे हाही पेच आहेच.

गुरं घेऊन आलेले एक आजोबा हे सगळं ऐकत होते. म्हणाले, "तोडलात तर भिंत पडतली. रवांदे." चार वर्षांची डिग्री एका वाक्यात!

शेवटी तेरेखोल. हाही मूळचा सावंतांचाच. पोर्तुगिजांनी १७४६ मध्ये घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी इथे तिरंगा फडकवला होता. आत चर्च, शिवाय पुढे किल्ल्याचं हॉटेल झालं. भिंतीवर झुडूप शोधून सापडेना. माझ्या मते कारण साधं आहे : माणसं राहिली, छप्पर टिकलं, रोप बोटभर असतानाच कुणीतरी उपटलं. यशवंतगडावर ते कोण करणार?

परत आल्यावर हॉस्टेलच्या गच्चीत गेलो. पाण्याच्या टाकीखाली, कठड्याच्या भेगेत वडाचं वीतभर रोप. आम्ही ओढलं. वरचं हातात आलं, मुळं आतच तुटली.