स्विमिंग पूलचा दिवा: अर्थिंग होतं, दिवा बंद होता, तरी मुंग्या का आल्या?

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं शक्यतो तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय वीज आणि पाणी. सुट्टीत भाड्याचा बंगला घेऊन राहायचं, अंगणात स्विमिंग पूल, रात्री पाण्यात निळा दिवा. हे आता आपल्याकडे नवीन राहिलेलं नाही. लोणावळा, कर्जत, अलिबाग, कुठेही जा. पण त्या दिव्याची वायरिंग कशी असते आणि कशी असायला हवी, हे फारसं कुणी विचारत नाही. मीही विचारत नव्हतो. इलेक्ट्रिकलच्या कामात वीस वर्षं घालवूनसुद्धा.

गेल्या मे महिन्यात आम्ही आणि बहिणीचं कुटुंब असे कर्जतच्या बाजूला एका बंगल्यावर गेलो होतो. मुलं सकाळपासून पाण्यात. दुपारी चारच्या सुमाराला भाची म्हणाली, "मामा, त्या शिडीला हात लावला की मुंग्या येतात."

मुलांना त्याची गंमत वाटत होती. पाळीपाळीने हात लावून बघत होती. मी ओरडलोच. "शिडीला कुणी हात लावायचा नाही. पलीकडच्या काठाने बाहेर या. आत्ता."

बंगला सांभाळणारे काका धावत आले. म्हणाले, "साहेब, दिवा तर बंद आहे. आणि अर्थिंग पण केलेलं आहे, मी स्वतः उभा राहून करून घेतलंय."

काकांच्या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दिवा बंद होता आणि अर्थिंगही केलेलं होतं. तरी मुंग्या येत होत्या. असं का, हे सांगण्यासाठीच आजचा भाग.

मीटरने काय दाखवलं

सगळे बाहेर आल्यावर मी गाडीतून मल्टिमीटर काढला. एक टोक शिडीच्या स्टीलच्या दांड्याला, दुसरं टोक पाण्यात. ८ व्होल्ट. मग पंपाच्या खोलीत गेलो. तिथल्या अर्थिंगच्या पट्टीपासून शिडीपर्यंत लांब वायर ओढून मोजलं. २८ व्होल्ट. खरं म्हणजे अर्थिंगच्या पट्टीवर काही यायलाच नको.

दिव्याचा स्विच बंदच होता. मग एकेक एमसीबी खाली करत गेलो. पंपाचा एमसीबी खाली केला आणि आकडा शून्यावर आला. वर केला, पुन्हा २८.

म्हणजे चोर पंप होता. मोटरच्या वायंडिंगमधून करंट मोटरच्या बॉडीवर गळत होता. बॉडीवरून हिरव्या वायरने अर्थिंगच्या पट्टीवर. आणि त्याच पट्टीवरून दुसरी हिरवी वायर निघाली होती, ती थेट पाण्यातल्या दिव्याच्या स्टीलच्या बॉडीला. स्विच फेज तोडतो. हिरवी वायर कुठलाच स्विच तोडत नाही. त्यामुळे बंद दिवासुद्धा पंपाचा दोष इमानेइतबारे पाण्यात आणून सोडत होता.

एक सूचना इथेच देतो. ही मोजणी घरी करून बघू नका. मुंग्या आल्या तर आपलं काम एकच. लोकांना बाहेर काढायचं, मेन बंद करायचा आणि जाणकाराला बोलवायचं.

अर्थिंग कशासाठी असतं

आपल्याकडे एक समज पक्का आहे. अर्थिंग केलं की वीज जमिनीत जाते आणि आपण सुटलो. हे अर्धंच खरं आहे.

उपकरणात फेज बॉडीला लागला, तर त्या करंटला परत जायला मोकळा रस्ता मिळावा, तो रस्ता इतका मोकळा असावा की करंट भरपूर वाहील आणि एमसीबी उडेल, हे अर्थिंगचं काम. वीज "शोषून घेणं" हे त्याचं काम नाही.

आता त्या बंगल्याचा हिशेब करू. दुसऱ्या दिवशी आलेल्या ठेकेदाराने अर्थ टेस्टर लावला, तेव्हा खड्ड्याचा रेझिस्टन्स ६० ओहमच्या वर भरला. जुना खड्डा, मीठ-कोळसा कधीच विरघळून गेलेला, पाइप गंजलेला, मे महिन्यातला कोरडा मुरूम. २८ व्होल्ट भागिले ६० ओहम, म्हणजे गळती जेमतेम अर्धा अँपियर. पंपाचा एमसीबी १६ अँपियरचा. त्याला काय कळणार?

आणि हे अजून सौम्य रूप होतं. मोटरचं वायंडिंग पूर्ण बसलं असतं आणि फेज थेट बॉडीला लागला असता तर? २३० भागिले ६०, म्हणजे चार अँपियरही नाहीत. एमसीबी तेव्हाही उडाला नसता. फरक एवढाच, की अर्थिंगच्या पट्टीवर २८ च्या जागी जवळजवळ २३० व्होल्ट बसले असते. आणि त्या पट्टीची एक वायर पाण्यात.

हे गणित केल्यावर मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

मग बाँडिंग म्हणजे काय

विजेच्या उघड्या तारेवर कावळा बसतो, त्याला काही होत नाही. का? तारेवर हजारो व्होल्ट असतात. पण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. दोन पायांमध्ये फरक नाही, म्हणून अंगातून करंट नाही. शॉक व्होल्टेजने बसत नाही, दोन ठिकाणच्या व्होल्टेजमधल्या फरकाने बसतो.

भाचीच्या अंगाला पाणी लागत होतं, तिथे एक व्होल्टेज. हातात शिडीचा दांडा, तो काठाच्या काँक्रीटमध्ये रोवलेला, तिथे दुसरं. मधला फरक ८ व्होल्ट. तो तिच्या अंगातून गेला.

बाँडिंग म्हणजे माणसाचा हात-पाय लागेल अशा सगळ्या धातूच्या वस्तू एकमेकांना जाड तांब्याने जोडून टाकायच्या. शिडी, कठडा, दिव्याची धातूची खोबण, काँक्रीटमधल्या सळया, पंपाची बॉडी, धातूचे पाइप. खुद्द पाणीसुद्धा, कारण पाण्याला लागून असलेला धातू त्यात आला की पाणीही त्याच पातळीवर येतं. मग उद्या कुठूनही व्होल्टेज आलं, तरी सगळं एकत्र वर जाईल, एकत्र खाली येईल. मध्ये सापडलेल्या माणसाला फरक जाणवणार नाही. माणूस त्या कावळ्यासारखा.

थोडक्यात, अर्थिंग दोषाला बाहेरचा रस्ता देतं आणि बाँडिंग माणसाच्या भोवतीचा फरक मिटवतं. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. स्विमिंग पूलपाशी दोन्ही लागतात. त्या बंगल्यावर नुसतं पहिलंच होतं, तेही मोडकं.

पाण्यात कमी व्होल्टसुद्धा का चालत नाहीत

कोरड्या हाताची कातडी चांगला अडथळा करते. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. हजार धरले तर ८ व्होल्टला ८ मिलिअँपियर. साधारण १० मिलिअँपियरच्या पुढे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. जमिनीवर याचा अर्थ हात चिकटला. पाण्यात याचा अर्थ पोहता येत नाही, ओरडता येत नाही. हृदय थांबण्याइतका शॉक लागायची गरजच नाही, माणूस आधी बुडतो. आणि बघणाऱ्याला वाटतं, पोहताना दम लागला असेल.

म्हणूनच नियम कडक आहेत. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाचा ७०२ क्रमांकाचा भाग खास पोहण्याच्या तलावांसाठी आहे. त्यात जागेचे तीन पट्टे केलेत. पहिला म्हणजे प्रत्यक्ष पाण्याची जागा. दुसरा काठापासून २ मीटरपर्यंत. तिसरा त्याच्यापुढे आणखी दीड मीटर. पाण्यातल्या दिव्याला जास्तीत जास्त १२ व्होल्ट एसी किंवा ३० व्होल्ट डीसी. आणि तो पुरवठा करणारा ट्रान्सफॉर्मर या तिन्ही पट्ट्यांच्या बाहेर ठेवावा, म्हणजे काठापासून साडेतीन मीटरच्या पलीकडे.

ट्रान्सफॉर्मरही कुठलाही चालत नाही. आयसोलेटिंग हवा, म्हणजे २३० ची बाजू आणि १२ ची बाजू यांच्यात तांब्याचा काहीही संबंध नको. ऑटो ट्रान्सफॉर्मर किंवा आयसोलेशन नसलेला स्वस्त एलईडी ड्रायव्हर १२ व्होल्ट दाखवेल, पण त्याचा एक पाय २३० मध्येच अडकलेला असतो.

आणि या १२ व्होल्टच्या बाजूला अर्थिंग जोडायचं नसतं. काकांच्या वायरमनने नेमकं तेच केलं होतं. दिवा १२ व्होल्टचाच होता. "जास्त सेफ" म्हणून त्याने दिव्याच्या बॉडीला हिरवी वायर जोडली. हेतू चांगला, पण त्या वायरीने पंपाचं दुखणं पाण्यात नेलं. अर्थात हे ऐकून कुणी उद्या पकड घेऊन हिरवी वायर कापायला जाऊ नका. दिवा २३० चा असेल तर ती वायर लागतेच, आणि मग मुळात तो दिवा पाण्यात का आहे, हा प्रश्न विचारायचा.

दुरुस्ती काय केली

मालकांशी फोनवर बोलणं झालं. पंप बंद, मेन बंद, पूलला दोरी बांधली. पुढचं काम परवानाधारक ठेकेदाराने केलं, मी बघायला होतो.

पहिलं, ३० मिलिअँपियरची आरसीसीबी. ही फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांची तुलना करते, फरक पडला की क्षणात उडते. आपल्या अर्ध्या अँपियरच्या गळतीला ती पहिल्याच दिवशी उडाली असती. आधी होतीही म्हणे. "सारखी उडते" म्हणून काढली होती. मंडळी, ती सारखी उडत होती, कारण ती खरं बोलत होती.

दुसरं, नवीन अर्थिंग, आयएस ३०४३ प्रमाणे, आणि मोटरचं वायंडिंग. तिसरं, दिव्याचा ट्रान्सफॉर्मर बदलला आणि बॉडीची हिरवी वायर काढली.

चौथं बाँडिंग, आणि ते सगळ्यात कटकटीचं. पूल बांधतानाच सळयांना तांबं जोडून बाहेर काढलं असतं, तर तासाभराचं काम होतं. नंतर करायचं म्हणजे फरशी उखडा, दोन ठिकाणी काँक्रीट फोडून सळई गाठा, पूलभोवती तांब्याचं कडं पुरा, शिडी आणि कठड्याचे पाय त्याला जोडा. जोड दाबून आणि घट्ट, नुसता पीळ मारून नाही. क्लोरीन आणि ओल दोन वर्षांत सैल जोड खाऊन टाकतात. शेवटी हे कडं पंपाच्या खोलीतल्या अर्थिंगच्या पट्टीला जोडलं. आता पट्टीवर काही आलंच, तर पाणी, शिडी आणि काठ तिघेही एकत्र वर जातील.

म्हणून कुणी नवीन पूल बांधत असेल, तर काँक्रीट ओतायच्या आधी ठेकेदाराला एकच प्रश्न विचारा. "बाँडिंगचं तांबं कुठून बाहेर काढलंय, मला दाखवा."

अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी

आपले बरेच श्रोते तिकडे आहेत, काहींच्या परसात पूल आहे. तिकडच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये ६८० वं कलम याचसाठी आहे. बाँडिंगला किमान ८ गेजचं अखंड तांबं, म्हणजे सुमारे साडेआठ चौरस मिलिमीटर. सळयांची जाळी वापरता येत नसेल, तर पूलच्या आतल्या भिंतीपासून १८ ते २४ इंचांवर तांब्याचं कडं. आरसीसीबीच्या जागी जीएफसीआय, जी ५ मिलिअँपियरच्या आसपासच उडते. जुन्या घरांत मात्र १२० व्होल्टचे दिवे अजूनही पाण्यात आहेत. जुनं घर घेताना पूलचं बाँडिंग वेगळं तपासून घ्या.

भाड्याच्या बंगल्यावर गेल्यावर

पाण्यात उतरण्याआधी, मालकांच्या माणसाला सोबत घेऊन आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबायला सांगा. उडाली पाहिजे. उडाली नाही, किंवा आरसीसीबीच नाही, तर मुलांना पाण्यात सोडू नका. पण एक लक्षात ठेवा. हे बटण फक्त आरसीसीबी चालते का ते सांगतं. अर्थिंग आणि बाँडिंग ठीक आहे का, हे त्याला माहीतच नसतं.

पाण्यात मुंग्या आल्या, तर धातूची शिडी धरायची नाही. दिव्यापासून लांब जाऊन काठाने बाहेर यायचं. कुणी आखडलेलं दिसलं, तर उडी मारायची नाही. आधी मेन बंद, मग कोरडी दोरी किंवा लाकडी काठी, आणि ११२ ला फोन.

भाची हल्ली कुठल्याही पूलपाशी गेली की आधी विचारते, "मामा, इथली आरसीसीबी कुठे आहे?" बहीण म्हणते, पोरीच्या डोक्यात भलतंसलतं भरवलंस. भरवलं तर भरवलं.

तुमच्या सोसायटीच्या किंवा बंगल्याच्या पूलबद्दल काही प्रश्न असतील तर लिहून पाठवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.