न विणलेले वस्त्र आणि बॉम्बे रक्तगट

भिवंडीत राहणाऱ्याला कापड म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. यंत्रमागांच्या खडखडाटातच इथली मुले पाढे पाठ करतात. अशा कापडाचा एक तुकडा भिंगाखाली धरा. उभ्या धाग्यांतून आडवे धागे गेलेले दिसतील, प्रत्येक धागा शेजारच्यांनी जखडलेला. तुमच्या तांबड्या रक्तपेशीलाही एक वस्त्र असते. त्याला पेशीपटल म्हणतात. पण ते विणलेले नसते. त्यातला मेदाचा एकही रेणू शेजारच्या रेणूला बांधलेला नाही!

मग ते टिकते कसे? या रेणूच्या डोक्याला पाण्याची ओढ असते, तर त्याच्या दोन शेपट्या पाण्यापासून दूर राहू पाहतात. पेशीच्या आत पाणी, बाहेरही पाणी. अशा वेळी रेणूंनी उभे कसे राहावे? पुढे वाचण्याआधी कागदावर काढून पाहा. एकच सोयीची रचना सापडेल : दोन थर, शेपट्या मध्ये एकमेकींकडे, डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे. १९२५ साली हॉलंडमधील गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तपेशींतील मेद काढून पाण्यावर पसरला. त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. (गंमत अशी की, त्यांनी मेद थोडा कमी काढला होता आणि पेशीचा पृष्ठभागही कमी मोजला होता. दोन चुकांनी एकमेकींना खोडले आणि उत्तर बरोबर आले! परीक्षेत मात्र यावर विसंबू नका.)

या पटलाची जाडी अवघी ७ ते ८ नॅनोमीटर. वहीच्या एका कागदाच्या जाडीत अशी हजारो पटले मावतील. त्यात प्रथिने तरंगत असतात, हे चित्र सिंगर आणि निकोलसन यांनी १९७२ मध्ये मांडले. प्राणवायू पटलातून सहज पार होतो. ग्लुकोजला मात्र प्रथिनांच्या दारातूनच जावे लागते.

पटलाच्या बाहेरच्या अंगाला शर्करांच्या छोट्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाशी फ्युकोज ही शर्करा जोडली गेली की 'एच' खूण तयार होते. तिच्यावर आणखी एक शर्करा बसली की 'ए' किंवा 'बी' गट होतो. काहीच बसले नाही, तर 'ओ'.

आणि फ्युकोजच नसले तर? १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना अशा व्यक्ती आढळल्या. त्यांच्या पेशींवर ए, बी, एच यांपैकी एकही खूण नव्हती. हाच 'बॉम्बे रक्तगट'. भारतात सुमारे दहा हजारांत एकाचा तो असतो, असा अंदाज आहे. नेहमीच्या चाचणीत हे रक्त 'ओ'सारखेच दिसते, आणि खरा धोका तिथेच आहे. या माणसाच्या रक्तात 'एच'विरुद्धही प्रतिपिंडे असतात. त्याला 'ओ' रक्त दिले, तर ती दात्याच्या पेशींना चिकटतात, पेशींच्या पटलाला भोके पडतात आणि हिमोग्लोबिन बाहेर सांडते. रुग्ण दगावू शकतो. म्हणून रक्तपेढीत पेशींवरच्या खुणांबरोबर रक्तद्रवही तपासावा लागतो. रुग्णाच्या रक्तद्रवाने 'ओ' पेशींच्याही गुठळ्या झाल्या, की शंका घ्यायची.

अशा रुग्णाला बॉम्बे गटाचेच रक्त लागते. ते शोधायचे कुठे? हा दोष आई व वडील दोघांकडून यावा लागतो. दोघांचेही रक्त एरवी सर्वसाधारण असू शकते. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यात हा गट येण्याची शक्यता चारात एक. म्हणून असा रुग्ण सापडला की आधी त्याच्या सख्ख्या भावंडांचे रक्त तपासतात.